कल्लणै : कावेरीला कावेरीत ठेवणारा बांध

तंजावूरला गेलेले मराठी कुटुंब सहसा पहिल्या दिवशी बृहदीश्वराचे देऊळ पाहते. दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय होते. देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास वाचायचा प्रयत्न होतो, चार ओळी लागल्या की सगळे खूश होतात. तिसऱ्या दिवशी काय पाहायचे असा प्रश्न पडला, की हॉटेलातला व्यवस्थापक ठरलेले उत्तर देतो, "कल्लणै पाहून या. दोन हजार वर्षांचे धरण आहे."

दोन हजार वर्षांचे म्हटल्यावर कोण थांबणार? गाडी ठरते, पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात, कॅमेरा गळ्यात अडकवला जातो. तास-सव्वा तासाने गाडी एका लांबलचक पुलावर येते. खाली ओळीने कमानी, त्यांना लोखंडी दरवाजे, वर दरवाजे उचलायची यंत्रे, कडेला फेरीवाले. मुले उतरतात, कठड्यावरून वाकून पाहतात आणि विचारतात, "बाबा, धरण कुठंय?"

बाबा इकडे पाहतात, तिकडे पाहतात. कोयना पाहिलेली असते, भाटघर पाहिलेले असते, पानशेतच्या भिंतीवरून फिरून झालेले असते. धरण म्हणजे डोंगराच्या दोन खांद्यांमध्ये उभी भिंत आणि मागे समुद्रासारखे पाणी, हे चित्र डोक्यात पक्के बसलेले. इथे डोंगर नाही, भिंत नाही, जलाशय नाही. नजर जाईल तिथवर सपाट मुलूख, नारळ आणि केळी. मग पुलाचा एक फोटो, करिकाळ चोळाच्या हत्तीवर बसलेल्या पुतळ्यासमोर सगळ्यांचा एक फोटो, आणि गाडी परत. अर्ध्या तासात कल्लणै 'पाहून' होते.

खरे तर धरण त्यांच्या पायाखालीच होते. पण नुसते तेवढे सांगूनही काम भागत नाही. हा बांध काय करतो हे कळल्याशिवाय तो दिसत नाही, आणि कॅमेऱ्याला तर मुळीच दिसत नाही.

म्हणून कल्लणैची सहल तंजावूर शहरातूनच सुरू करावी. मोठ्या देवळाजवळून एक रुंद कालवा वाहतो. गावातले लोक त्याला 'पुदु आरु', म्हणजे नवी नदी म्हणतात. बहुतेक पर्यटक तो ओलांडून देवळात शिरतात आणि त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. हा कल्लणै कालवा. मेट्टूर धरणाच्या योजनेबरोबर, १९३४ च्या सुमारास तो सुरू झाला आणि कल्लणैच्या दरवाज्यातून निघून पुढे पट्टुक्कोट्टैच्या कोरडवाहू भागात भातशेती घेऊन गेला. तंजावूरहून पश्चिमेला तिरुक्काट्टुपळ्ळीच्या वाटेने जाऊ लागले, की दर दोन-चार मैलांवर असेच काहीतरी आडवे येते. कधी नदी, कधी पाट, कधी पाटाची चारी. सगळ्यांचे पाणी एकाच दिशेने, पूर्वेकडे चाललेले. मुलांना मोजायला सांगावे. कल्लणैला पोहोचेपर्यंत त्यांची बोटे संपतात, आणि हे सगळे पाणी कुठून तरी वाटले जाते आहे हे न सांगता समजते.

आता नदीचा नकाशा. कावेरी कर्नाटकातून तमिळनाडूत उतरते, मेट्टूरला अडते, पुढे सपाटीवर येऊन रुंद होते. तिरुचिरापल्लीच्या, म्हणजे आपल्या जुन्या त्रिचनापल्लीच्या, पश्चिमेला मुक्कोंबू येथे ती दुभंगते. उजवा फाटा कावेरी हेच नाव ठेवतो, डावा फाटा कोळ्ळिडम होतो. दोहोंच्या मध्ये जे बेट तयार होते त्यावर श्रीरंगम वसले आहे. बेटाच्या पूर्व टोकाला हे दोन्ही फाटे पुन्हा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात, की मध्ये अरुंद पट्टी उरते. कल्लणै आहे ते नेमके इथे.

गोम अशी, की या ठिकाणी कोळ्ळिडमचा तळ कावेरीच्या तळापेक्षा खोल आहे. कोळ्ळिडमची समुद्राकडे जाणारी वाटही अधिक सरळ आणि उताराची. पाण्याला जात नाही, धर्म नाही, इतिहास तर नाहीच. ते उतार पाहते. मोकळे सोडले तर कावेरीचे पाणी ती अरुंद पट्टी फोडून कोळ्ळिडममध्ये उडी घेईल आणि थेट बंगालच्या उपसागराला मिळेल. कावेरी, वेण्णार आणि त्यांच्या पोटातून निघणाऱ्या शेकडो पाटांवर पिकणारा तंजावूर, तिरुवारूर, नागपट्टिणमचा सगळा भातमुलूख पावसाच्या भरवशावर पडेल. हे होऊ नये म्हणून कुणीतरी त्या फटीत दगड टाकले. कल्लणै याचा शब्दार्थच मुळी दगडी बांध, 'कल्' म्हणजे दगड आणि 'अणै' म्हणजे बांध.

तेव्हा हे धरण नव्हे, बंधारा आहे. पाणी साठवणे हे त्याचे काम नाही, पाणी वळवणे हे आहे. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धतीचे जुने बंधारे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे चटकन उमजेल. नदी अडवायची नाही, तिला थोडी वर उचलायची आणि कडेने पाटात घालायची. चीनमध्ये सिचुआन प्रांतात दूच्यांगयान येथेही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून नदी अशीच अडवल्यावाचून वाटली जाते. 'युनेस्को'ने २००० साली त्या जागेला जागतिक वारसा म्हटले. कल्लणै त्याच जातकुळीचा, फरक इतकाच की इथे खाली खडक नाही. खाली वाळू आहे, आणि तिच्याखाली आणखी वाळू.

वाळूवर दगडाचा बांध उभा कसा राहिला? सांगितले जाते ते असे. मोठमोठे दगड प्रवाहात टाकले. पाण्याने दगडाखालची वाळू खरवडून नेली, दगड खचला. त्यावर दुसरा टाकला, तोही खचला. असे करता करता एक वेळ अशी आली की दगड खचायचे थांबले. मग त्यावर चिकणमातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांचा थर चढवला. ज्या पाण्याने बांध वाहून जायचा, त्याच पाण्याकडून पाया भरून घेतला. चुना नाही, शिसे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज इंजिनिअरांनी मोजले तेव्हा हा दगडांचा ढीग १,०८० फूट लांब, ४० ते ६० फूट रुंद आणि १५ ते १८ फूट उंचीचा भरला. आजच्या मापात लांबी ३२९ मीटर. आणि तो सरळ नव्हता, सापासारखा वळणे घेत गेलेला होता. आजच्या पुलाची सरळ रेघ पाहून हे वळण ध्यानात येत नाही.

बांधणाऱ्याचे नाव परंपरेने करिकाळ चोळ असे सांगितले जाते आणि काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. सिंहलद्वीपातून धरून आणलेल्या बारा हजार कैद्यांकडून त्याने हे काम करवून घेतले अशी कथा आहे. कथा ती कथाच. तेलुगू चोळांच्या एका जुन्या ताम्रपटात करिकाळाने कावेरीचे काठ बांधून काढल्याचे म्हटले आहे, एवढा आधार मात्र आहे. काठ बांधले म्हणजे हाच बंधारा बांधला का, यावर अभ्यासक वाद घालतात. गाईड घालत नाहीत. ते छातीठोकपणे करिकाळाचे नाव घेतात, आणि पुतळा समोर असल्यावर पर्यटकही मान डोलावतात.

मराठी माणसाने मात्र इथे आणखी एका कारणासाठी थांबले पाहिजे, आणि ते कारण पुलावरच्या कोणत्याही पुतळ्यावरून कळत नाही.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे १६७६ च्या सुमारास तंजावूरच्या गादीवर आले. तेव्हापासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती. तंजावूर दरबारची चित्रे, संगीत, नाटके, ग्रंथालय यांचे कौतुक आपण नेहमी वाचतो. हा सगळा थाट कशावर चालला होता? भातावर. भात कशावर? कावेरीवर. आणि कावेरी कशावर टिकून होती? या एका बांधावर. पण हा बांध ज्या जमिनीवर होता ती जमीन तंजावूरची नव्हतीच. ती त्रिचनापल्लीच्या हद्दीत मोडत होती, आणि त्रिचनापल्ली अर्काटच्या नबाबाकडे होती. म्हणजे घर आपले, चूल आपली आणि पाण्याच्या नळाची चावी शेजाऱ्याच्या कमरेला!

ही चावी किती महागात पडू शकते हे १७५४ मध्ये दिसले. त्रिचनापल्लीसाठी इंग्रज आणि फ्रेंच लढत होते. म्हैसूरकर फ्रेंचांच्या बाजूला होते. तंजावूरचे प्रतापसिंह राजे कधी या पारड्यात तर कधी त्या पारड्यात वजन टाकून आपले राज्य सांभाळत होते. राजे आपल्या बाजूला येत नाहीत असे पाहून फ्रेंच सेनानी मेसाँ याने मे महिन्यात बंधाऱ्याजवळचा कोविलडीचा किल्ला घेतला. तंजावूरवर चालून जाण्यापेक्षा त्याने सोपी गोष्ट केली. कावेरीला कोळ्ळिडमपासून वेगळी ठेवणारा बांध फोडला. नदीला पाणी येण्याच्या तोंडावरचा तो काळ होता. एक गोळी न झाडता पुढच्या हंगामाचे पीक कापून नेण्याचा हा प्रकार. त्या पावसाळ्यात बांधाच्या दुरुस्तीला मजूर लावले गेले, आणि त्या मजुरांच्या रक्षणासाठी फौज उभी करावी लागली. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या गड्यांभोवती बंदुका घेतलेले शिपाई, हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे आणि मग पुलावरून खाली पाहावे.

फ्रेंच गेले तरी नबाब होताच. दर वर्षी पुराने बांधाचे काही ना काही वाहून जायचे, दर वर्षी डागडुजी लागायची, आणि १७६० नंतर नबाब महंमद अली डागडुजीला आडकाठी करू लागला. तंजावूरला तुळजाजी राजे नव्याने गादीवर आले होते. प्रकरण मद्रासच्या इंग्रजांपुढे गेले. १७६४ च्या सुमारास निवाडा झाला तो असा, की जमीन आणि बांध नबाबाचा, पण बांध दुरुस्त करण्याचा हक्क तंजावूरच्या राजाचा. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आपल्या खर्चाने दुरुस्त करण्याचा हक्क! यासाठी राज्ये भांडत होती यावरूनच तिची किंमत कळावी. पुढे १७९९ च्या तहाने सरफोजी राजांना राज्यकारभार कंपनीच्या हाती द्यावा लागला, आणि तेव्हापासून तंजावूरचे पाणी आणि त्याची चावी दोन्ही इंग्रजांकडे गेली.

इंग्रजांनी सुरुवातीला फारसे काही केले नाही. १८०४ मध्ये कॅप्टन कॅल्डवेल या इंजिनिअराला पाहणीसाठी नेमले. त्याने बांधाची उंची वाढवण्याची शिफारस केली, आणि ती २७ इंचांनी वाढवली गेली. दुखणे मात्र वेगळेच होते. बांधामागे गाळ आणि वाळू साचून कावेरीचा तळ वर वर येत होता आणि पाणी वरच्या अंगाला, मुक्कोंबूपाशीच, कोळ्ळिडमकडे वळत होते. हे नीट ओळखले ते आर्थर कॉटन या तरुण अधिकाऱ्याने. त्याने १८३० च्या सुमारास जुन्या बांधात वाळू धुऊन काढणाऱ्या मोऱ्या पाडल्या, आणि १८३६ मध्ये मुक्कोंबूला कोळ्ळिडमवर नवा बंधारा बांधला. त्याच वर्षी खाली अणैक्करै येथे कोळ्ळिडमवर आणखी एक बांधला. हाच कॉटन पुढे गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधून आंध्रात देवासारखा पुजला गेला.

कॉटनने एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली आहे. अथांग वाळूत पाया कसा घालायचा हे आपण या जुन्या बांधाकडून शिकलो, असे त्याने लिहून ठेवले. अनामिक कारागिरांचे हे ऋण मानणारा इंग्रज अधिकारी विरळाच. इंग्रजांनी या बांधाला 'ग्रँड अनिकट' नाव दिले, त्यातला 'अनिकट' हाही तमिळ 'अणैक्कट्टु'चाच अपभ्रंश.

कॉटनच्या उपायाने नदीचा तोल दुसऱ्या बाजूला गेला. आता कावेरीत इतके पाणी शिरू लागले की तिचे काठ खचू लागले. मुक्कोंबूचा बंधारा मधल्या भागात थोडा उतरवावा लागला. शेवटी १८८६-८७ च्या सुमारास कल्लणैपाशी कावेरी आणि वेण्णारच्या तोंडांशी दरवाजे बसवले गेले आणि किती पाणी कुणाला, हे माणसाच्या हातात आले. बांधावरचा पूल त्याआधीचा, १८३९ चा. म्हणजे आज पर्यटकाला जे दिसते ते बहुतेक सगळे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातले आहे. करिकाळाचे दगड याच्या पोटात आहेत.

मग फोटो घ्यायचा तो कशाचा?

तिरुक्काट्टुपळ्ळीकडून येताना दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रम असा लागतो: आधी कल्लणै कालव्याचे दरवाजे, मग वेण्णारचे, मग कावेरीचे आणि शेवटी कोळ्ळिडमच्या बाजूचा जुना बांध. बहुतेक लोक कावेरीच्या दरवाज्यांपाशी थांबतात, कारण पाणी तिथे जोरात फेसाळते. फोटो छान येतो, पण तसा फोटो भारतातल्या कोणत्याही बंधाऱ्यावर येईल. थोडे पुढे, उत्तरेकडे चालत जावे. हंगामात पाणी सुटलेले असताना, पण पूर नसताना, इथे एक विलक्षण गोष्ट दिसते. पुलाच्या एका अंगाला पाणी काठोकाठ उभे असते, आणि दुसऱ्या अंगाला, खाली, कोळ्ळिडमचे प्रचंड पात्र नुसत्या वाळूचे पसरलेले असते. मध्ये फक्त पुलाची रुंदी. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला नदी नसणे, हेच कल्लणैचे खरे छायाचित्र. दोन्ही बाजू एका चौकटीत यायच्या तर कठड्यापासून हटून, पुलाच्या टोकाला काठावर उभे राहावे लागते. थोडे चालणे होते, पण मुलांना पाठ्यपुस्तकाच्या चार पानांनी समजणार नाही ते या एका फोटोने समजते.

उजेडाचे गणित सोपे आहे. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. दरवाज्यांतून कोसळणारे पाणी खालच्या अंगाने टिपायचे तर सकाळी जावे, सूर्य पाठीशी राहतो. पुलावर उभे राहून पूर्वेकडे पसरत जाणारी पात्रे टिपायची तर दुपार कलल्यावर. भर दुपारी वाळू आणि पाणी दोन्ही पांढरेफटक दिसतात, आणि घरच्या मंडळींचे डोळे फोटोत मिटलेले येतात ते वेगळेच. पाणी उतरलेले असेल तर बांधाच्या पायथ्याकडचा दगडांचा उतार जरूर निरखावा. दरवाजे हलवण्याचे काम चालू असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून मगच कॅमेरा काढावा. आणि फोटोसाठी पाण्यात उतरण्याचा मोह मुळीच धरू नये. दरवाज्यांखालचे पाणी वरून शांत दिसले तरी तळाशी भोवरे असतात.

कधी जावे, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. त्याचे उत्तर तंजावूरच्या शेतकऱ्यालाही दर वर्षी मिळतेच असे नाही.

रिवाजाप्रमाणे मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडतात. तिथून सुटलेले पाणी तीन-चार दिवसांत कल्लणैला येते. मंत्री, अधिकारी, शेतकरी जमतात, फुले आणि बियाणे पाण्यात सोडली जातात, दरवाजे उचलले जातात आणि कावेरी, वेण्णार, कालवा यांना पाणी मिळते. मग त्रिभुज प्रदेशात 'कुरुवै' या आखूड मुदतीच्या भाताची लावणी सुरू होते. पाणी वेळेवर आले तर कुरुवै आणि तिच्यामागून आणखी एक पीक. उशिरा आले तर 'सांबा' हे एकच लांब मुदतीचे पीक. म्हणजे पाण्याच्या तारखेवर घरात एक पीक येणार की दोन, हे ठरते. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, घराची दुरुस्ती, सगळे त्या तारखेला बांधलेले.

आणि ती तारीख कल्लणैच्या हाती नाही. मेट्टूरची साठवण ९३.४७ टीएमसी, म्हणजे आपल्या कोयनेपेक्षा थोडी कमी. ते भरते ते मुख्यतः कर्नाटकात पाऊस पडला आणि तिथली धरणे भरून वाहिली तर. कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यातल्या पाणीतंट्यासाठी १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या सीमेवर बिळिगुंडलु येथे वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी सोडण्याचे ठरवून दिले. कागदावर आकडा पक्का झाला. पण पाऊस कागद वाचत नाही. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे १२ जूनचा मुहूर्त चुकला. २०२० मध्ये तो साधला. २०२२ मध्ये धरण इतके भरले होते की २४ मेलाच दरवाजे उघडले. २०२४ मध्ये मात्र पाण्यासाठी २८ जुलैपर्यंत वाट पाहावी लागली, आणि २०२५ मध्ये पुन्हा १२ जून गाठता आला. १७५४ मध्ये तंजावूरची चावी कोविलडीला होती, आज ती कितीतरी वर सरकली आहे. शेवटच्या चारीवरच्या, आपल्याकडे ज्याला 'टेल'चा शेतकरी म्हणतात, त्याची अवस्था तेव्हा होती तीच आहे. तो अजूनही पश्चिमेकडे पाहत बसतो.

पाणी नको तेव्हाही फार येते. ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकातली धरणे भरून वाहिली, मेट्टूर भरले आणि मुक्कोंबूला कोळ्ळिडममध्ये लोंढा सोडावा लागला. २२ ऑगस्टच्या रात्री कॉटनच्या त्या बंधाऱ्याचे ४५ पैकी ९ दरवाजे कोसळून वाहून गेले. बांधकाम जुने झाले होते हे खरे, पण कोळ्ळिडमच्या पात्रातून वर्षानुवर्षे चाललेल्या वाळूउपशाकडेही अनेकांनी बोट दाखवले. वाळू उपसली की पात्र आणखी खोल जाते, आणि पात्र खोल गेले की पायाखालची वाळू सरकते. मुक्कोंबूला पुढे नवा बंधारा बांधला गेला. कल्लणै त्या पुरात उभा राहिला. या बातमीने तमिळ घराघरात करिकाळाचा अभिमान वाटला, आणि ते साहजिकच होते. पण कल्लणैच्या खालीही तीच कोळ्ळिडम वाहते आणि तिचीही वाळू जाते आहे, हे विसरून चालणार नाही.

ज्यांना जूनमध्ये जाता येत नाही त्यांनी ऑगस्टच्या सुरुवातीचा विचार करावा. तमिळ आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, साधारण ३ ऑगस्टला, 'आडिपेरुक्कु' असतो. नदीला येणाऱ्या नव्या पाण्याचा हा सण. कावेरीच्या प्रत्येक घाटावर बायका जमतात. नदी गर्भार आहे असे मानून तिची ओटी भरल्यासारखी पूजा करतात: हळद, कुंकू, फुले, फळे, ताडपत्राची कर्णभूषणे आणि काळे मणी. एकमेकींच्या गळ्यात पिवळा दोरा बांधतात. नवविवाहित जोडपी लग्नातल्या माळा पाण्यात सोडतात. मग काठावरच पंगती बसतात. चिंचेचा भात, लिंबाचा भात, खोबऱ्याचा भात, दहीभात, सगळे भाताचेच प्रकार. ज्या नदीने भात दिला तिच्या काठी दुसरे काय खाणार? मराठी बायकांना काळे मणी आणि ओटी पाहून घरचेच काहीतरी पाहिल्यासारखे वाटते. पूजा चालू असताना मात्र कॅमेरा समोर धरण्यापूर्वी खुणेने तरी विचारावे. बहुतेक वेळा हसून होकार मिळतो, आणि वर चिंचेच्या भाताचा द्रोणही.

पाणी नसलेल्या वर्षी हा सण कोरड्या पात्रातही साजरा झाला आहे. वाळूत खड्डा करून, बादलीने किंवा नळाने पाणी आणून त्याची पूजा केली गेली आहे. असे वर्ष वाट्याला आले तर सहल फुकट गेली असे समजू नये. ते दृश्यही टिपण्यासारखे आहे.

तंजावूरहून कल्लणै सुमारे ४५ ते ५० किलोमीटर, तिरुचिरापल्लीहून २० किलोमीटरच्या आत. तिरुचिरापल्लीच्या चत्रम बसस्थानकावरून साध्या बस सुटतात. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांनी चेन्नई गाठून एळुंबूर (एग्मोर) स्थानकावरून तंजावूरला रात्रीची 'उळवन' एक्स्प्रेस पकडावी. 'उळवन' म्हणजे नांगर धरणारा, शेतकरी. सकाळी तंजावूरला उतरून आधी कालव्याच्या काठाने फेरी मारावी, न्याहारी करून तिरुक्काट्टुपळ्ळीमार्गे कल्लणैला जावे, बांध पाहून झाल्यावर तसेच पुढे श्रीरंगमला दर्शन घ्यावे आणि वेळ उरला तर मुक्कोंबूपर्यंत जाऊन नदी जिथे दुभंगते ती जागा पाहावी. परत येताना रस्ता बदलून तिरुवैयारुवरून यावे. त्यागराजांची समाधी तिथे कावेरीकाठी आहे. गावाच्या नावाचा अर्थ पाच पवित्र नद्या. कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टार, वेण्णार आणि वडवार ही त्यांची नावे मुलांनी आधीच पाठ केलेली असली तर बरे, कारण तंजावूरला पोहोचेपर्यंत त्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात.